सुपरचार्जर बसवण्याआधी इंजिनातून काय काढलं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत स्पोर्ट्स गाड्यांच्या फेरफारांवर पानभर लेख आला होता. छायाचित्रं झकास होती, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एका वाक्याबद्दल आहे. इंजिन आधीच ट्यून केलेलं (जास्त ताकदीसाठी सुधारलेलं) असेल तर त्यावर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात बाहेरून जादा हवा कोंबणारा पंप, बसवणं म्हणजे सोन्याला सुगंध, आणि तो दोन दिवसांच्या सुटीत घरच्या घरी बसतो, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. आमच्याकडे सुगंध आला होता, पण तो जळक्या तेलाचा.

मी 31 वर्षं सिलिंडर बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग केलं. हाताखालून किती ब्लॉक गेले याची मोजदाद ठेवली नाही. काम सोडल्यावर एकच इंजिन उघडलं, माझ्या भाचीचं, आणि तेही दोनदा उघडावं लागलं. या विषयावर बोलायचा थोडा अधिकार त्यातून आला आहे, असं समजून हे लिहितो.

गाडीचं नाव मुद्दाम देत नाही. दोष गाडीचा नव्हता, आणि नाव छापलं की बोल तिलाच लागतो. दोन माणसांची, मागच्या चाकांवर चालणारी, चार सिलिंडरची. बोअर (सिलिंडरचा व्यास) 83 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 85, म्हणजे 1839 सीसी. जाणकारांनी ओळखली असेल. कारखान्यातून निघाली तेव्हा कॉम्प्रेशन 9 ला 1 होतं, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण नवव्या हिश्शाएवढ्या जागेत दाबलं जायचं. भाचीच्या हाती आली तोवर आधीच्या मालकाने तिच्यात बराच जीव ओतला होता. उंच माथ्याचे पिस्टन घालून कॉम्प्रेशन 11 ला 1 केलेलं, व्हॉल्व जास्त वेळ उघडे ठेवणारे कॅम, चार नळ्या एकीत मिळवणारा एक्झॉस्ट (हेडर), हलकं केलेलं फ्लायव्हील, आणि फेऱ्यांची मर्यादा मिनिटाला 7,500 पर्यंत ताणलेली. काम नीट केलेलं होतं हे मी पहिल्याच दिवशी कबूल केलं. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) चाकांपाशी 138 अश्वशक्ती भरली. भाचीला अजून हवी होती. ती एक वापरलेला सुपरचार्जर घेऊन आली आणि म्हणाली, “मामा, हे नुसतं बोल्ट मारून बसवायचं असतं.”

इथेच आपल्या लेखकाची आणि तिची चूक एकच आहे, आणि ती मीही केली, कारण मी तिला अडवलं नाही.

इंजिनाकडून जास्त ताकद काढायचे दोन रस्ते आहेत. एक, हवा इंजिनाने स्वतःच ओढायची; मग मिळालेली हवा जास्तीत जास्त दाबा, व्हॉल्व जास्त वेळ उघडे ठेवा, फेऱ्या वाढवा. दुसरा, हवा बाहेरून कोंबायची. पहिल्या रस्त्यावरचं प्रत्येक औषध दुसऱ्या रस्त्यावर कुपथ्य ठरतं. म्हणजे साध्या, न छेडलेल्या इंजिनाला थोडा बूस्ट (कोंबलेल्या हवेचा जादा दाब) एक वेळ पचेल; मेहनतीने सजवलेल्या इंजिनाला तोच बाधतो. जितकं चांगलं ट्यूनिंग, तितकं ते अवघड. लेखात हे नेमकं उलटं छापलं गेलं.

आकड्यांत सांगतो. आमचा ब्लोअर, म्हणजे हाच सुपरचार्जर, रूट्स जातीचा, तीन पाकळ्यांचे दोन रोटर असलेला, दर फेरीला 62 घन इंच म्हणजे साधारण एक लिटर हवा सरकवणारा. हे दोन रोटर बघून उसाचा चरक आठवतो, पण हे यंत्र चरकासारखं पिळत नाही. ते रहाटगाडग्यासारखं आहे: पाकळी आणि कवच यांच्या मधल्या खोबणीत हवा भरायची, कडेकडेने पलीकडे न्यायची आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत, ओतायची. इंजिन जेवढी घेतं त्याहून जास्त ओतली की तिथे दाब साचतो. साचलेल्या दाबाची हवा मागे फिरून पुढच्या खोबणीतल्या हवेवर आदळते, आणि त्या धुमश्चक्रीत तापते. 30 अंशांची हवा अर्धा बार बूस्टपर्यंत नेली तर आदर्श हिशोबाने ती 67 अंशांच्या आसपास जावी. रूट्सची कार्यक्षमता 60 टक्के धरली तर प्रत्यक्षात 90 च्या वर जाते. आता ही हवा सिलिंडरमध्ये 11 ला 1 दाबली की तिचं तापमान, केल्विनमध्ये मोजलं तर, दुपटीहून जास्त होतं. आत येताना 60 अंश जास्त असलेली हवा दाबून झाल्यावर 130 अंशांहून जास्त तापलेली असते. तीच गरम हवा 9 ला 1 दाबली असती तर शेवटी साधारण 50 अंशांनी थंड राहिली असती. ठिणगीने पेटलेली ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून पेटायला एवढा फरक पुरतो. यालाच नॉकिंग म्हणतात.

आणि हो, लेखात ‘फुकटची ताकद’ असाही शब्द होता. हा ब्लोअर 14,000 फेऱ्यांवर अर्धा बार दाबाविरुद्ध हवा ढकलतो तेव्हा नुसत्या त्या ढकलण्यालाच 15-16 अश्वशक्ती लागते, घर्षण वेगळं. ती पट्ट्यावाटे क्रँकमधूनच जाते.

दोन दिवसांच्या सुटीबद्दल थोडं. आम्हाला पाच आठवडे लागले आणि त्यातले तीन एका ब्रॅकेटवर गेले. ब्लोअरची पुली आणि क्रँकची पुली एकाच पातळीत हव्यात. डोळ्यांना बरोबर दिसतं ते पट्ट्याला बरोबर नसतं. पहिला ब्रॅकेट मी 6 मिलिमीटरच्या पत्र्याचा केला, स्वतःवर खूश होऊन. इंजिन उभं असताना सरळपट्टी लावली की दोन्ही पुल्या एका रेषेत. 5,000 फेऱ्यांच्या पुढे ब्रॅकेट ताणाने वाकायचा, सहा रिबांचा पट्टा एका बाजूला चढायचा आणि बॉनेटखाली काळी भुकटी उडायची. दुसरा 12 मिलिमीटरचा केला आणि ब्लॉकला तिसरा आधार दिला, तेव्हा पट्टा गप्प बसला. हलक्या फ्लायव्हीलची पहिली फळंही इथेच मिळाली. आयडलवर क्रँकचा वेग प्रत्येक स्फोटाला जरा जास्तच हेलकावे खायचा आणि ब्लोअरच्या नाकातला कपलर खुळखुळ्यासारखा वाजायचा. आम्ही म्हटलं, वाजू दे.

पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बदलले. 200 अश्वशक्तीच्या हिशोबाने चार सिलिंडरना प्रत्येकी मिनिटाला 360 सीसीच्या आसपास लागतात. तेवढं आम्हाला कळत होतं. क्लच बदलला. मिश्रण दाखवणारा मीटर डॅशवर बसवला. ब्लोअरने तापवलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला पुढे जागा नव्हती, म्हणून तो ‘नंतर’वर ढकलला. डायनोवर 196 अश्वशक्ती भरली आणि भाचीने मला मिठी मारली. खरं सांगतो, त्या दिवशी मलाही वाटलं की 31 वर्षं मी उगाच लोकांना सबुरीचे सल्ले देत होतो.

अकरा दिवसांनी एका लांब चढावर तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण पेडल दाबलेलं असताना, इंजिनाने आवाज बदलला. धडाका वगैरे काही झाला नाही. भाचीच्या शब्दांत, “गाडी एकदम थकल्यासारखी झाली, मामा.” मागे निळसर धूर. मिश्रणाचा मीटर त्या क्षणापर्यंत 11.6 दाखवत होता (एका भाग पेट्रोलला हवेचे भाग), म्हणजे व्यवस्थित रिच, पेट्रोल भरपूर. सगळं सुरक्षित आहे असं तो सांगत होता आणि आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवून होतो.

घरी आणल्यावर आधी प्लग काढले. तीन प्लग तपकिरी, निरोगी. चौथ्याच्या पांढऱ्या पोर्सिलेनवर राखाडी ठिपके होते, कोणी मिरपूड भुरभुरावी तसे. नखाने खरवडले तर चमकले. ते ॲल्युमिनियम होतं. पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून प्लगवर शिंपडलं गेलं होतं. कॉम्प्रेशन मोजलं: तीन सिलिंडर 210 पौंडांच्या आगेमागे, चौथा 80. चौथ्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजलं, तो 115 वर गेला. म्हणजे व्हॉल्व ठीक, गळती रिंगांपाशी. मग बाहेरून हवा भरून कान लावला तर फुस्स आवाज तेल ओतायच्या तोंडातून येत होता. आता हेड उघडायची फक्त औपचारिकता उरली होती.

पिस्टन बाहेर काढला तेव्हा त्याच्या माथ्याची एक कड वाळू मारल्यासारखी खडबडीत झालेली होती. खाली पहिली आणि दुसरी रिंग यांच्या खाचांमधला जो बांध असतो, तो जवळजवळ बोटभर लांबीचा तुटला होता. तुटलेला तुकडा खाचेतच अडकून होता. भिंतीवर त्याने केसाएवढ्या जाडीच्या दोन रेघा ओढल्या होत्या. वरची रिंग दोन ठिकाणी तुटलेली. मी असे बांध आयुष्यात पुष्कळ पाहिलेत. हे एका दणक्यात होत नाही. नॉकिंगच्या शेकडो लहान लहान हातोड्या बसतात, आणि शेवटी बांध फुटतो.

आता खरी गोम. नॉकिंग झालं, पण इंजिनाच्या कंप्युटरने ठिणगी मागे का घेतली नाही? त्याच्यात तापमानाचा तक्ता होता: आत येणारी हवा गरम असेल तर ठिणगी उशिरा टाकायची. तक्ता आम्ही स्वतः भरला होता. दोन रात्री भाची लॅपटॉप घेऊन आणि मी वायरिंग घेऊन बसलो. लॉगमध्ये (कंप्युटरने टिपलेल्या नोंदीत) त्या चढावर हवेचं तापमान 36 अंश दिसत होतं. छत्तीस! ब्लोअर अर्धा बार ढकलतोय आणि हवा छत्तीस? तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तापमानाचा सेन्सर त्याच्या जुन्या जागी, एअर फिल्टरच्या डब्यात राहिला होता. म्हणजे ब्लोअरच्या आधी. पूर्वी ती जागा बरोबर होती, कारण फिल्टर ते सिलिंडर या वाटेत हवेला तापवणारं मध्ये काही नव्हतं. आता होतं. सेन्सर खोटं बोलत नव्हता. तो जिथे बसला होता तिथली खरी गोष्ट सांगत होता. पुढे मॅनिफोल्डवर दुसरा सेन्सर लावून, अगदी हलक्या हाताने त्याच चढावर गाडी नेली (नव्या पिस्टनवर, कमी बूस्टवर), तर अलीकडे 35 आणि पलीकडे 90 च्या वर आकडा दिसला.

हाच खोटा थंडपणा मिश्रणाच्या मीटरलाही फसवत होता. कंप्युटरला वाटत होतं हवा थंड म्हणजे दाट, म्हणून तो पेट्रोल जास्त टाकत होता. मीटर 11.6 दाखवत होता तो यामुळे. रिच मिश्रण थोडी थंडाई देतं हे खरं, पण ठिणगी जर बऱ्याच अंशांनी (हे अंश क्रँकच्या फिरण्याचे) लवकर पडत असेल तर ती थंडाई किती पुरणार? दर पौंड बूस्टमागे ठिणगी साधारण एक अंश उशिरा, असा जुना ठोकताळा आहे. हवा तापलेली असेल तर त्याहून अधिक. आम्ही सात पौंडांच्या आसपास होतो आणि एक अंशही मागे घेतलेला नव्हता.

कॅमची भानगड वेगळीच. लांब कॅममध्ये एक काळ असा असतो की इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व जरा जरा उघडे असतात. इंजिन स्वतः हवा ओढत असताना या काळाचा वरच्या फेऱ्यांवर फायदा होतो, जाणारा वायू येणाऱ्या हवेला ओढून घेतो. बूस्ट असला की इनटेककडे दाब जास्त, एक्झॉस्टकडे कमी. मग ताजं मिश्रण या दारातून येतं आणि त्या दारातून निघून जातं. टर्बोमध्ये हवा कोंबणारा पंप एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो; तिथे एक्झॉस्टपाशी टर्बाइनमुळे दाब तुंबलेला असतो, म्हणून तिथे चित्र वेगळं असतं. सुपरचार्जरला तो अडसर नाही. मधल्या फेऱ्यांवर आमचं पेट्रोल असं वाया जात होतं, हेडरच्या नळ्यांमध्ये जळत होतं, आणि न जळलेला ऑक्सिजन पुढे जाऊन मीटरला ‘लीन’, म्हणजे पेट्रोल कमी, असं सांगत होता. आम्ही काय केलं? आणखी पेट्रोल टाकलं. रात्री गॅरेजमध्ये बॉनेट उघडलं तर हेडरची बोटं मंद लाल दिसायची, आणि भाची त्याचे फोटो काढायची.

फेऱ्यांचंही तेच. क्रँकची पुली 140 मिलिमीटर, ब्लोअरची 70, म्हणजे ब्लोअर क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरणार. ब्लोअरसाठी सांगितलेली कायमची मर्यादा 14,000. इंजिन 7,000 वर थांबलं असतं तर गणित काट्यावर बसलं असतं. पण आधीच्या मालकाने वाढवलेली मर्यादा 7,500, म्हणजे ब्लोअर 15,000 वर. त्या पाचशे फेऱ्यांत ताकद वाढत नव्हती, हवा फक्त तापत होती. डायनोचा आलेख 6,800 नंतर सपाट झालेला आम्ही पाहिला होता आणि त्याकडे कानाडोळा केला होता.

मोठ्या कारखान्यांनी हे धडे फार पूर्वी गिरवले आहेत. रूट्स बंधूंनी हे यंत्र 1860 मध्ये पेटंट केलं तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आलेली नव्हती. त्या ब्लोअरने भट्ट्यांना हवा पुरवली. लोहाराचा भाताच, फक्त फिरणारा. मर्सिडीजने 1921 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जरवाल्या गाड्या मांडल्या. त्यातल्या एकीचं नाव 6/25/40 असं होतं. पहिला आकडा करासाठीचा, दुसरा ब्लोअरविना अश्वशक्ती, तिसरा ब्लोअरसह. त्यांचा ब्लोअर पेडल तळाला दाबलं की तेवढ्यापुरताच क्लचने जोडला जायचा, एरवी सुटा. बेंटलीच्या साडेचार लिटरच्या गाडीला तर रेडिएटरच्या पुढे, थेट क्रँकच्या टोकावर ब्लोअर लावला गेला. 110 ची 175 अश्वशक्ती झाली. गाडीचे जनक डब्ल्यू. ओ. बेंटली यांना तो प्रकार मुळीच पसंत नव्हता. त्यांचं मत असं की ताकद हवी तर इंजिन मोठं करा. 1930 च्या ल माँ शर्यतीत ब्लोअरवाल्या बेंटली मध्येच बाद झाल्या आणि ब्लोअर नसलेली साडेसहा लिटरची बेंटली जिंकली. मी बेंटलींच्या बाजूचा माणूस आहे, पण माझी भाची नाही.

जवळचं उदाहरण हवं असेल तर टोयोटाचं 1.6 लिटरचं इंजिन घ्या. तेच इंजिन एमआर2 गाडीत सुपरचार्जरशिवाय 9.4 ला 1 वर चालायचं. 1986 मध्ये सुपरचार्जर लावला तेव्हा कारखान्याने कॉम्प्रेशन 8 ला 1 वर आणलं आणि पिस्टन फोर्ज केलेले, म्हणजे ठोकून घडवलेले, घातले. म्हणजे बसवण्याआधी त्यांनी काय काढलं ते पाहा. उलट उदाहरणही आहे, ते लपवत नाही: लोटसने एक्सिज एस या गाडीत 11.5 ला 1 च्या इंजिनावर सुपरचार्जर लावला आणि ती गाडी उत्तम चालली. पण तिथे वर इंटरकूलर होता, आणि ठिणगीचा एकेक अंश कारखान्याने स्वतः चाचण्या घेऊन ठरवलेला होता. ज्यांच्याकडे ती सोय आहे त्यांना माझा नमस्कार. आमच्याकडे एक लॅपटॉप होता आणि दोन रात्री.

दुसऱ्यांदा इंजिन बांधलं ते असं. ब्लॉक 83.5 ला बोअर केला, होनिंग मी स्वतः केलं, हात अजून थरथरत नाहीत. फोर्ज केलेले पिस्टन, कॉम्प्रेशन 8.8. एकाने सुचवलं होतं की जुनेच पिस्टन ठेवा आणि जाड हेड गॅस्केट टाका, कॉम्प्रेशन आपोआप उतरेल. उतरेल, पण पिस्टन वर आल्यावर कडेच्या पट्टीतून मिश्रण जे चिरडून मध्ये फेकलं जातं ती घुसळणच मरते, आणि नॉकिंग पुन्हा दारात. असल्या जुगाडाला मी नाही म्हटलं. फोर्ज पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतो म्हणून भिंतीशी मोकळीक जरा जास्त ठेवावी लागते. थंड इंजिन सुरू केलं की दोन मिनिटं टकटक ऐकू येते. शेजारी विचारतात, बिघडलं का? कॅम मूळचे परत घातले. जुने कॅम काढताना भाचीचं तोंड उतरलं होतं. ते तिने कापडात गुंडाळून कपाटात ठेवले आहेत. फ्लायव्हीलही मूळचं जड. फेऱ्यांची मर्यादा 7,000. ब्लोअरची पुली 80 मिलिमीटरची केली, म्हणजे ब्लोअर आता 12,250 च्या वर जात नाही. आणि इंटरकूलर. जागा नव्हती म्हणत होतो ना? बंपरच्या मागची आडवी पट्टी काढून दुसरी बनवली, झाली जागा. तापमानाचा सेन्सर इंटरकूलरच्या पुढे, मॅनिफोल्डवर.

ठिणगी किती मागे घ्यायची हे ठरवायला मी माझी जुनी पद्धत वापरली. नॉक सेन्सरला ब्लोअरचा आवाज आणि टॅपेटचा आवाज यांत गोंधळायला होतं. मी तांब्याच्या नळीचं एक टोक चेपून त्याला भोक पाडलं आणि ते ब्लॉकला बोल्टने आवळलं. दुसऱ्या टोकाला रबरी नळी लावून ती डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपला जोडली. 83 मिलिमीटरच्या बोअरमध्ये नॉकिंगचा सूर सात हजार हर्ट्झच्या आसपास लागतो. कानाला तो पत्र्यावर मोहरी सांडल्यासारखा येतो. भाची गाडी चालवत होती, मी शेजारी कानात नळ्या घालून डोळे मिटून. मोहरी सांडली की मी हात वर करायचो, ती पेडल सोडायची, आम्ही थांबून तेवढ्या फेऱ्यांवर दोन अंश कमी करायचो. असं चार दिवस. शेवटी डायनोवर 174 भरली. आधीच्या 196 हून 22 कमी. त्याच चढावर तिसऱ्या गिअरमध्ये मॅनिफोल्डचं तापमान आता 52 च्या पुढे गेलेलं नाही.

पुरवणीच्या संपादकांना माझी विनंती एवढीच. पुढे कधी अशा गाडीवर लेख छापाल तेव्हा अश्वशक्तीच्या ठळक आकड्याशेजारी कॉम्प्रेशन किती, इंधनाचा ऑक्टेन (नॉकिंगला तोंड द्यायची ताकद) किती आणि हवेचं तापमान कुठे मोजलं हेही बारीक अक्षरांत छापा. आणि लेखकाला विचारा की बसवण्याआधी काय काढलं. काही काढलंच नाही असं तो म्हणाला, तर गाडी किती दिवस झाली चालते आहे, हेही विचारा.

पत्र लांबलं आहे, जाणतो. कात्री लावायचीच तर बेंटली कापा, सेन्सरचा परिच्छेद कापू नका. सोबत चौथ्या पिस्टनचा आणि त्याच्या प्लगचा फोटो जोडला आहे. छापणार असाल तर रंगीत छापा. काळ्यापांढऱ्यात ते राखाडी ठिपके दिसत नाहीत. मी झेरॉक्स काढून बघितलं.

आपला,
एक जुना वाचक
(निवृत्त बोअरिंग कारागीर)